खंडेनवमीला न्हालेलं घड्याळ

आमच्या घरात कुठलीही वस्तू सुखासुखी मरत नसे. मिक्सर बंद पडला, इस्त्री तापेना, पंखा कुरकुरला, की आमचे हे चष्मा कपाळावर चढवून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. सगळं आयुष्य मेटगळ्ळीच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेलं. "नवीन घेऊ या" हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. मी तोंडाची तिखट. म्हणायचे, एक दिवस मलाही उघडून बसाल. त्यावर ते म्हणत, "तुझ्यात बिघाड नाही गं, नुसता आवाज जास्त आहे." म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घरात आम्ही असे भांडत भांडत सुखात होतो.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग रस्ते. एकदा घरातून निघून गेले ते संध्याकाळी नशिबाने सापडले. तेव्हा लेक पुण्याहून धावत आली आणि येताना त्यांच्यासाठी स्मार्टवॉच घेऊन आली. ते मनगटावर असलं, की ते कुठे आहेत हे माझ्या आणि तिच्या फोनवर दिसायचं. लेकीला वाटलं होतं, बाबा ते काढून फेकतील. पण त्याला बाजूला एक छोटी फिरकी होती, आणि तिनेच त्यांना जिंकलं. रोज आंघोळ झाली की ते फिरकी गोल फिरवून किल्ली द्यायचे, घड्याळ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "चालतंय."

"त्याला किल्ली लागत नाही हो," मी सांगून पाहिलं.

"किल्लीशिवाय घड्याळ चालेल कसं? सुम्ने काहीतरी बोलू नकोस."

मी सुम्ने, म्हणजे उगीचच, बोलणं सोडून दिलं. पुढे ते पुन्हा निसटले, तेव्हा फोनवरच्या निळ्या ठिपक्याने मला थेट त्यांच्यापाशी नेलं. कोपऱ्यावरच्या झाडाखाली, पूर्वी जिथे कारखान्याची बस थांबायची तिथे, रिकामा डबा घेऊन ते बसची वाट बघत उभे होते. मला बघून म्हणाले, "बस उशिरा आहे आज." मी त्यांचा हात धरून घरी आणलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

नंतर कधीतरी फाटकाच्या कडीवर आपटून घड्याळाची काच तडकली. त्यांनी लगेच तिच्यावर चिकटपट्टी लावली. घड्याळ चालत होतं, म्हणून मीही ते तसंच राहू दिलं.

मग दसरा आला. यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यांची तलवार आमच्याकडे आहे आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. इथे त्या दिवशी सगळं गावच आयुधपूजा करतं, रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत. पण आमच्याकडे तलवार आधी. ती लिंबू आणि राखेने घासायची, दुधापाण्याने न्हाऊ घालायची, पुसून तेल लावायचं, मग कुंकू आणि शेवंती. त्या वर्षी हे सगळं मलाच करावं लागणार म्हणून मी पाट मांडत होते. तेवढ्यात हे धूतवस्त्र नेसून आले आणि पाटावर बसले.

त्यांनी काहीही चुकवलं नाही. मंत्र, हातांची लकब, कुंकवाची बोटं, सगळं जागच्या जागी होतं. तलवारीनंतर त्यांनी आपल्या हत्यारांची पेटी मागितली. पाना, हातोडी, पक्कड यांना कुंकू लागलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी ताम्हनात ठेवलं. चिकटपट्टी सोलली, राखेने घासलं, वरून दूध घातलं आणि कुंकू लावलं.

मी समोरच बसले होते. हात पुढे केला असता तर ताम्हन ओढता आलं असतं. पण ते माझ्याकडे बघून हसत होते आणि म्हणत होते, "फुलं दे गं, बघत काय बसलीस?" कितीतरी महिन्यांनी माझा नवरा घरात आला होता. त्याला मी घड्याळासाठी उठवणार? मी फुलं दिली. आजही तो दिवस परत आला तर मी फुलंच देईन.

दुसऱ्या दिवशी घड्याळाने डोळा उघडला नाही. यांनी किल्ली दिली, कानाला लावलं आणि म्हणाले, "चालतंय."

दुपारी यांचा डोळा लागल्यावर शेजारणीला घरी बसवून मी ते बाजारात नेलं. दुकानदाराने उघडलं तर आत कुंकू होतं. "आयुधपूजा?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. म्हैसूरचा माणूस, तो हसला नाही. म्हणाला, "अम्मा, काच बदलतो, आतलंही बघतो. चालेल. पण परत कधी बंद पडेल ते सांगता येणार नाही."

मी त्या दुकानात कितीतरी वेळ उभी होते. यांना विचारलं असतं तर उत्तर मला पाठ होतं: दुरुस्त कर. आणि मला भीती वेगळीच होती. त्यांच्यात नवं काही राहतच नव्हतं, सांगितलेलं विसरून जात, दाखवलेलं विसरून जात. जुनं होतं तेवढंच टिकून होतं, आणि मी त्या जुन्यातली होते. त्यांच्या ओळखीची एकही वस्तू काढून घ्यायला माझं मन तयार होईना.

पण फोनवर लेक म्हणाली, "आई, हट्ट सोड. ते मध्येच बंद पडलं आणि बाबा बाहेर गेले, तर शोधशील कुठे?" तिचं खरं होतं. मी तसंच नवं घेतलं, त्याच रंगाचं. जुन्याचा मळलेला पट्टा काढून त्याला लावून घेतला आणि जुनं पर्समध्ये टाकलं. वाटलं, पट्टा बघून फसतील.

घरी येऊन मी ते त्यांच्या मनगटावर बांधलं. त्यांनी फिरकी फिरवली. कानाला लावलं. मग शांतपणे पट्टा सोडवला आणि घड्याळ माझ्या हातात ठेवून म्हणाले, "इदु नन्दल्ला, अम्मा." हे माझं नाही, बाई.

आमच्यात कानडी उंबऱ्याबाहेरची. बोलताना शब्द मिसळतात, नाही असं नाही, पण नवरा-बायको म्हणून आम्ही बोललो ते मराठीत. भांडलो मराठीत. इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी कधी परक्या बाईशी बोलावं तसं कानडीत बोलले नव्हते. मी मराठीत म्हटलं, "अहो, तुमचंच आहे." तर त्यांनी हात जोडले. कानडीतच म्हणाले, "नको. दुसऱ्याची वस्तू घेतलेली माझ्या बायकोला चालणार नाही. तापट आहे ती."

मीही कानडीतच विचारलं, "फार रागावते का?"

"रागावते," ते म्हणाले. "वाट बघत असेल आता. मला घरी सोडाल?"

पर्समधून मी जुनं, मेलेलं घड्याळ काढलं. नव्याचा पट्टा सोडवून पुन्हा त्यालाच लावला आणि त्यांच्या हातावर बांधलं. ते त्यांनी लगेच ओळखलं. नवं घड्याळ माझ्या पेटीतला एक जुना पट्टा लावून मी माझ्या मनगटावर चढवलं. लेकीच्या फोनवर आता मी दिसणार होते. ते जातील तिथे मी जाईन, म्हणजे झालं.

आम्ही बाहेर पडलो. उद्यानाला वळसा घातला, फुलवालीवरून, देवळावरून, त्याच रस्त्याने परत फिरलो. आपलं फाटक दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "हेच," ते म्हणाले. कडी त्यांनीच काढली. पायरीवर थांबून मला म्हणाले, "असं दारातून जायचं नाही, अम्मा. कॉफी घेऊन जा."

मग दाराकडे तोंड करून त्यांनी मोठ्याने हाक मारली, मराठीत, आपल्या नेहमीच्या आवाजात, "अगं, ऐकलंस का? बाई आल्यात, कॉफी ठेव."

मी चपला काढल्या, कुलूप उघडलं, त्यांच्या बाजूने आत गेले आणि स्वयंपाकघरातून ओ दिली, "ठेवते हो."