हारासकट चित्र

शांती नगरमधला तो फ्रेमवाला प्रत्येक फोटो हातात घेऊन एकच प्रश्न विचारी, "आहेत की गेले?" गेलेल्यांना चंदनाचा हार तो स्वतःच घालून देई. मुलीच्या वाढदिवसासाठी मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन चित्रकर्तीच्या आत्मचित्राची छापील प्रत त्याच्याकडे फ्रेम करायला दिली. त्याचा प्रश्न आला, तेव्हा तिचं आयुष्यच सांगून टाकलं. नवऱ्यानं सोडलं, चित्रं विकली गेली नाहीत, ती गेली तेव्हा रडायलाही कोणी नव्हतं.

संध्याकाळी चित्र हारासकट मिळालं.

"अहो, वाढदिवसाचं गिफ्ट आहे हे. हार काढा."

"काढतो ना," तो काच पुसत म्हणाला. "पण साहेब, तुम्हीच बोललात, तिचं कोणी नव्हतं. मग हार घालणार कोण?"

मी चित्र तसंच घरी नेलं.

मुलीनं विचारलं, "बाबा, ही आपली कोण?"

"आपली नाही," मी म्हणालो. "फ्रेमवाल्याची."