टाकी मोठी, हवा थोडी

आमचे हे बरखेड्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण साहेबकी काही अंगातून गेली नाही. रोज सकाळी फिरून आले की यांचे तीन मित्र आमच्या व्हरांड्यात बसतात. सगळे त्याच कारखान्यातले, सगळे साहेब. चहा माझा, अक्कल त्यांची.

माझी सून काचेवर नक्षी काढते. गॅरेजात तिचं काम चालतं. तोंडावर टोप चढवायचा आणि बंदुकीतून हवेच्या जोरानं बारीक पूड काचेवर मारायची. टी. टी. नगरातल्या एका नव्या हॉटेलानं तिला अठरा दारं दिली होती, प्रत्येक दारावर एक मोर. पहिलंच मोठं काम. महिन्यात झालं नाही तर दुसऱ्याला देईन, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं.

हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर या मंडळींनी निवडला. कसा, तर लिलावात जाऊन, टाकीवर थाप मारून. कलिंगड घेतात ना, तसा. बंदूक मिनिटाला किती हवा खाते, हे चौघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सून सांगायला गेली, तर यांनी तिला हातानंच थांबवलं.

पहिला मोर डोक्यापासून छातीपर्यंत झकास खोदला गेला. मग टाकीवरचा दाबाचा काटा उतरला, हवा मंदावली आणि पिसारा पुसट पडला. दारच फुकट गेलं, त्याच्या बदली नवी काच आणावी लागली. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सभा भरली. ठराव झाला की टाकी लहान आहे, अजून एक जोडा. जोडली. दोन टाक्यांसमोर चौघे उभे राहिले, जसं काही धरणच बांधलंय.

मी आठवी पास बाई. मी आपलं स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन गॅरेजात बसले. टाक्या भरायला चोवीस मिनिटं, बंदुकीला रिकाम्या करायला चार. आधीसारखी एकच टाकी चालू ठेवून मोजलं, तर बारा आणि दोन. म्हणजे काय झालं? पूर्वी थोडं थांबून थोडं काम, आता जास्त थांबून जास्त काम. गच्चीवर टाक्या कितीही चढवा, खालून नळाला करंगळीएवढीच धार असेल तर काय उपयोग? हे कोणतीही मोलकरीण सांगेल. पण मोलकरणीला पेन्शन नाही, म्हणून तिचं कोण ऐकणार.

मी व्हरांड्यात येऊन घड्याळाचा हिशेब सांगितला. त्यांतले थोरले हसले. "वहिनी, आम्ही कारखान्यात याच्या दसपट मोठे चालवलेत."

"भाऊजी, चालवले तुम्ही, की तुमच्या फिटरनं?"

ते कपात बघायला लागले. यांना एकदम पेपरातलं काहीतरी महत्त्वाचं आठवलं.

तोवर सुनेनं बंदुकीची तोटी काढली होती. नवी होती तेव्हा तीन मिलीमीटरचं भोक, आता पाचचं ड्रिल आरामात आत जात होतं. पुडीनं ते झिजतंच. भोक रुंदावलं की हवा कितीतरी पटीनं जास्त खातं. तिनं नवी तोटी बसवली. मग दुकानदाराला फोन करून भोक सांगितलं, दाब सांगितला, आणि मिनिटाला तेवढी हवा सतत देणारा पंप मागितला. भोक झिजणार म्हणून थोडा वरचढ. मोठ्या टाकीचं नावसुद्धा काढलं नाही.

नवा पंप आला. मोर सलग झाले, काटा हलला नाही. ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अठरावं दार टेम्पोत चढलं. मंडळी बघायला आली होती. थोरले पंपाभोवती फिरले आणि म्हणाले, "टाकी फारच लहान दिली हो सूनबाईंना."

आता यावर माणसानं बोलावं तरी काय? मी ते फुकट गेलेलं पहिलं दार कापून घेतलं आणि व्हरांड्याच्या खिडकीत बसवलं, बरोबर त्यांच्या खुर्च्यांसमोर. नवीन पाहुणा आला की विचारतोच, मोराचा पिसारा असा पुसट का? मी चहा गाळत असते. उत्तर साहेबांनी द्यायचं.