फ्रीजरमधला बर्फ आणि गाऊनमधला सांता

घरात लहान मुलांचा वर्ग चालवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. सोफा सरकवला की खालून मणी, खडूचे तुकडे आणि कापसाचे पुंजके निघतात, तसेच तेही निघतात. झाडून टाकायचा धीर होत नाही, म्हणून साठत जातात. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते डिसेंबरचे.

गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये आलो आणि लवकरच मी हॉलमध्ये प्लेग्रुप सुरू केला. मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्या घरांतली दोन ते चार वर्षांची मुलं. सकाळी लाइट जायची, पंखा थांबायचा आणि घामेजलेल्या मुलांना खिडकीजवळ ओळीत बसवून मी गाणी म्हणायचे. दिवाळी संपली की आया विचारायला लागत, "टीचर, क्रिसमस का कुछ करा रहे हो ना?" बाजारात चकचकीत झाडं आणि तयार टोप्या लटकलेल्या असायच्या. मी मात्र हट्टाला पेटले होते, की विकत काहीही आणायचं नाही. तीन वर्षांच्या मुलाला तयार झाड दिलंत तर ते दहा मिनिटं बघतं आणि खोक्याशी खेळायला लागतं. मग सरळ खोकंच द्यावं, असं माझं म्हणणं.

त्यामुळे आमचं झाड म्हणजे कंपाउंडमधल्या अशोकाची फांदी, पाण्याच्या बाटलीत उभी केलेली. चांदण्या जुन्या लग्नपत्रिकांच्या. पत्रिका जाड असतात, सोनेरी असतात आणि प्रत्येक घरात गठ्ठ्याने पडलेल्या असतात. फक्त कापताना कितीही जपलं तरी निम्म्या चांदण्यांच्या मधोमध गणपती यायचा. एकाही मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

* * *

एका वर्षी जिनय नावाच्या मुलाने विचारलं, बर्फ पडतो म्हणजे काय होतं? आता भाईंदरच्या खाडीकाठी बर्फ कुठून दाखवायचा! पण माझा जुना फ्रीज होता, ज्याच्या फ्रीजरमध्ये हातभर बर्फ साचायचा. मी उलथन्याने तो खरवडला, परातीत भुसभुशीत डोंगर केला आणि मुलांच्या पुढ्यात ठेवला. मुलं वेडी झाली. कुणी गोळे केले, कुणी कपाळाला लावला. फ्रीजही आयता साफ झाला, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या दिवशी जिनयची आई दारात. तिच्या घरात कांदासुद्धा येत नाही. तिने शांतपणे विचारलं, "टीचर, क्रिसमस की बरफ में से बोंबिल की बास क्यों आती है?"

मी खरं ते सांगितलं. ती हसली, आणि त्यानंतर दर डिसेंबरला स्वतःच्या फ्रीजरमधला बर्फ डब्यात भरून पाठवायला लागली.

* * *

गव्हाणीची गोष्ट मात्र मी हसत सांगत नाही. येशूचा जन्म गोठ्यात झाला, तो देखावा करायचा म्हणून मी बुटांचं खोकं आडवं ठेवलं, त्यात गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्याची माती आणि झाडूच्या काड्यांचं गवत. काडेपेटीत कापसाचं बाळ. गायी-बकऱ्या घरून आणा, असं मुलांना सांगितलं.

मुलांच्या घरी होतं काय, तर दिवाळीच्या किल्ल्याचं सामान. दुसऱ्या दिवशी खोक्यात एक गाय, एक वाघ आणि बाकी सगळे मावळे. ढाल-तलवारीचे. मुलांनी ते बाळाभोवती गोल उभे केले होते, सगळ्यांची तोंडं बाहेर. मी म्हटलं, अरे, इथे लढाई नाहीये. चिन्मय म्हणाला, "बाळ झोपलंय ना. पहारा देतायत."

तळमजल्यावर फिलोमिना आंटी राहायच्या, मूळच्या उत्तनच्या. गव्हाण बरोबर झालीय का ते बघायला मी त्यांना बोलावलं होतं. मी घाईने मावळे उचलायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "त्या टायमाला राखनीला कोन न्हवता."

मग त्या खोक्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

* * *

सांताचं काम पहिली दोन वर्षं आमच्या ह्यांनी केलं. पोशाख म्हणजे माझा लाल गाऊन, कमरेला काळी ओढणी, दाढी कापसाची. पहिल्या वर्षी ते बेडरूममधून "हो हो हो" करत आले आणि अख्खा वर्ग एका सुरात रडायला लागला. एका मुलीने तर माझ्या पायात तोंड खुपसून "मावशी, चोर!" म्हणून आकांत केला. दुसऱ्या वर्षी ते न बोलता आले. तरीही रडारड. तिसऱ्या वर्षी ह्यांनी सांगून टाकलं, "तुझ्या गाऊनसकट तूच जा."

आणि त्याच वर्षी शरद आला.

* * *

शरद म्हणजे आमच्या विंगमधल्या रश्मीचा नवरा. मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. गेला तेव्हा त्यांची मनू नुकती कुशीवर वळायला लागली होती. तेव्हा व्हिडिओ कॉल वगैरे काही नव्हतं. शुक्रवारी सुट्टी असली की त्याचा लँडलाइनवर फोन यायचा, रश्मी रिसीव्हर मनूच्या कानाला लावायची आणि मनू त्याला आठवड्याचं सगळं सांगायची. मावशीच्या वर्गात काय केलं, कोण पडलं, कोणी शी केली. साडेतीन वर्षांची झाली तोवर तिचा बाबा असा फोनमध्येच राहत होता.

तो सुट्टीवर घरी आला आणि मनू त्याला काका म्हणायला लागली. रश्मीने फोटो दाखवले, समजावलं, शेवटी रागावलीसुद्धा. मनूचं उत्तर ठरलेलं. "बाबा फोनमध्ये आहे. हा काका आहे." तो जेवायला शेजारी बसला की ती ताट उचलून आईच्या पलीकडे जायची. बाहुली आणली होती, तिला तिने हात लावला नाही. नाताळ झाला की त्याची सुट्टी संपत होती, आणि पुढची कधी मिळेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

वर्गात आम्ही हाताच्या ठशांचं झाड करत होतो. घरातल्या सगळ्यांचे हिरवे पंजे एकाखाली एक. मनूच्या कागदावर आईचा पंजा होता आणि तिचा. शरद तिला सोडायला आला होता. त्याने पंजा पुढे केला, तर तिने कागद पाठीमागे लपवला. त्याचा हात रंगात बुडालेला तसाच राहिला. मी त्याला फडकं दिलं आणि दुसरीकडे बघितलं, कारण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

जाताना तो म्हणाला, "ताई, सांता मी होऊ का? त्या निमित्ताने जवळ तरी येईल."

* * *

नाताळच्या आदल्या दिवशी शरद माझ्या लाल गाऊनमध्ये खुर्चीवर बसला. ग्लुकोज बिस्किटांवर जॅम लावून मुलांनीच खाऊ केला होता. तो त्याच्या हातात दिला. या वेळी मुलं रडली नाहीत. एकेक जण यायचं, बिस्कीट ओढून घ्यायचं आणि पळायचं.

मनू आली. बिस्कीट घेतलं, पण पळाली नाही. खेळण्यांच्या टोपलीतून तिने लाल प्लास्टिकचा फोन काढला, सांताच्या पायाशी त्याच्याकडे पाठ करून बसली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो बाबा? अरे, सांता आलाय. तू ये ना."

रश्मी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने पदर तोंडाला लावला. शरद कापसाच्या आतून हळूच म्हणाला, "येतो. दार उघडशील?"

"हो," मनू फोनमध्ये म्हणाली आणि रिसीव्हर नीट ठेवला.

शरद उठला, गाऊन सावरत बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. मनूने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. बेल वाजली. मी पुढे झाले, तर तिने माझा हात बाजूला सारला, छोटी खुर्ची सरकवत नेली, वर चढली आणि दोन्ही हातांनी लॅच फिरवला.

दारात शरद उभा. दाढी काढलेली, हनुवटीला कापूस चिकटलेला, अंगात लाल गाऊन तसाच.

मनूने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग खुर्चीवरूनच त्याचं बोट धरलं आणि त्याला आत ओढलं.

"बाबा, उशीर केलास. सांता आत्ताच गेला."