सात नंबरची कुंडी

हसायचं असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. या गोष्टीतलं शहाणं माणूस मी आहे, आणि गाढवही मीच आहे.

आमच्या तेलुगू राज्याचे दोन भाग होत होते तेव्हाची गोष्ट. बाबा सरकारी ऑफिसातून रोज नवी बातमी आणायचे, कोणतं कपाट कुणाकडे जाणार, कोणती फाईल कुठे. आणि मी, नुकतीच एम.एस्सी. झालेली, हिमायतनगरहून बस पकडून प्रयोगशाळेत जायचे. काम काय, तर गव्हाच्या गुणसूत्रांचे नकाशे. भात खाणाऱ्या गावात गव्हाचे नकाशे. घरी कुणाला खरं वाटेना.

पण गहू साधा नाही हो. तीन रानगवतांनी आपापला संसार आणून एकाच घरात मांडलाय. प्रत्येक भांडं तीन-तीन. आपला माणसांचा पसारा त्यापुढे एका खोलीचा. त्या ढिगाऱ्यात आम्ही तांबेरा रोगाला पुरून उरणारा एक जीन शोधत होतो. त्याच्या शेजारची डीएनएतली एक खूण हाती लागली होती, आता गुणसूत्रावर तिची जागा ठरवायची होती.

त्यासाठी नकाशे दोन. एक संगणकावरचा: संकराच्या पिढ्यांत कोणते गुण जोडीने उतरतात, कोणते फारकत घेतात, त्यावरून काढलेला. तो माझा. दुसरा कुंड्यांतला. तो काचघर सांभाळणाऱ्या गायकवाड काकांचा.

काका महिन्याभरात रिटायर होणार होते. मूळचे नांदेडकडचे, दोन पिढ्या अफझलगंजात. सगळं रजिस्टर पेन्सिलीने. मी बारकोडचा विषय काढला तर म्हणाले, "बेटा, पेन्सिलीला करंट लागत नाही."

भाचीच्या लग्नाला निघताना त्यांनी मला काचघरात नेलं. बारा कुंड्या. अकरा बऱ्या, सातवीतलं रोप म्हणजे आजारातून उठलेलं पोर.

"याला हात लावायचा नक्को. याच्यात एक तुकडा कमी आहे. त्याचं कारण असं की..."

"कळलं मला, काका."

"अगं, ऐकून तरी घे."

"काका, तुमची गाडी चुकेल. नामपल्ली स्टेशनला जायला तासभर लागतो."

काका गेले. दुसऱ्याच दिवशी निरोप आला: वाटणीआधी पाहणी करायला समिती येणार. माझी नजर सातव्या कुंडीवर गेली. मनात म्हटलं, हेच ते, म्हाताऱ्यांना काही टाकवत नाही. रोप उपटलं, मागच्या खताच्या ढिगावर टाकलं, आणि त्या जागी ट्रेमधलं साध्या गव्हाचं एक गुटगुटीत रोप लावलं. समितीचे साहेब म्हणाले, "वा, काय तब्येत आहे."

आठवड्याने मी बाराही कुंड्यांची पानं घेतली, डीएनए काढला, खूण तपासली. खूण असली की फोटोत पट्टी चमकते. बाराच्या बारा पट्ट्या चमकल्या. काकांच्या जुन्या फोटोत सातव्या जागी काळोख होता. म्हणजे काकांचा प्रयोग फसला होता, आणि माझा नाही. मी धावत आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे.

मॅडम तेलुगू, चष्मा डोक्यावर ठेवून विसरणाऱ्या. फोटो बघून त्या खुर्चीतच सरळ झाल्या. "असं असेल तर खूण गुणसूत्राच्या टोकाला नाहीच. दोन्ही नकाशे भांडतायत. वर्षभराचं काम पुन्हा." त्या संध्याकाळी नवा नकाशा बाहेरच्या सहकाऱ्यांना जाणार होता. खाली माझं नाव. मी मनातल्या मनात मिठाई वाटली.

दुपारी काका आले. लग्नातले लाडू टेबलावर ठेवले, फोटो उचलला, काचघरात जाऊन आले.

"बेटा, सात नंबर आठ दिवसांत एवढा उंच कसा झाला?"

"मी बदललं ते. अगदीच मरतुकडं होतं."

काका खुर्चीत बसले. मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काय करून बसलीस गं," काका हळूच म्हणाले. "हे बघ. नामपल्ली ते अफझलगंज रस्ता आहे. टोकाचा तुकडा उडवला. मग एक दुकान दिसेनासं झालं. तर ते दुकान कुठं होतं?"

"त्याच... तुकड्यात."

"हौ. सातव्यात गुणसूत्राचं टोकच नाही. पट्टी येत नाही, हेच उत्तर होतं. तू त्याच्या जागी अख्खा गहू लावलास."

"दुसरं बी असेल ना?"

"नाही. होतं ते एकच बी, त्याचंच ते रोप."

"नकाशा आज जाणार नाही," म्हणत मॅडम उठल्या, पदर खोचला आणि खताच्या ढिगाशी गुडघ्यांवर बसल्या. मी शेजारी, काका समोर. चहाचा चोथा, सुकलेली पानं, गवतच गवत. मला प्रत्येक काडी गहू वाटत होती.

"थांबा," काका म्हणाले.

चोथ्यात तिरकं होऊन ते उभं होतं. मुळं खाली रुतलेली, आणि मधोमध एक नवं, कोवळं पान. गुणसूत्राचं टोक तुटलेलं, मुळासकट उपटलेलं, आठ दिवस कचऱ्यात पडलेलं. तरी वाढत होतं. हरवलेल्या भांड्याचं काम घरातली दुसरी दोन भांडी भागवत होती. मला हातच लावायचा धीर होईना; काकांनीच ते अलगद उचलून परत सात नंबरात लावलं.

दोन दिवसांनी त्याचं पान धरून बाराही पुन्हा तपासली. अकरा पट्ट्या, आणि सातव्या जागी काळोख. आयुष्यात रिकामी जागा बघून मला एवढं भरून आलं नव्हतं. खूण टोकालाच होती, दोन्ही नकाशे जुळले.

महिनाअखेर काका रिटायर झाले. जाताना रजिस्टर माझ्या हाती दिलं. मी ते संध्याकाळी उघडलं, कारण आता सगळं शेवटपर्यंत वाचायचं असं ठरवलं होतं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी होत्या:

"सात नंबर: एक तुकडा गायब. तरी फार कामाचा. जपणे.

नवीन मुलगी: सगळे तुकडे जागेवर. कामाची आहे का, तपासणे बाकी."