एकीचा चहा, एकीचं पाणी

"बघ, बघ! अजून पाण्यासारखं!" धर्मेशभाईंनी करिष्माचा काचेचा सेल, चाचणीची छोटी बॅटरी, ट्यूबलाइटखाली धरला.

यशोधराने मान वर केली नाही. तिला दिसलं होतं. सकाळी आल्या आल्या तिने आधी तेच बघितलं होतं.

बुवापाड्याची यशोधरा अंबरनाथ एमआयडीसीतल्या धर्मेशभाईंच्या या छोट्या लॅबमध्ये बॅटरीत भरायचं द्रावण बनवते. एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला लिथियम, मधे यशोधरा, असं ती स्वतःच सांगायची. दुखणं एकच. बॅटरी वापरता वापरता गंधक द्रावणात विरघळायचं, द्रावण चहासारखं लाल व्हायचं आणि बॅटरी लवकर मान टाकायची. यशोधराने चहा फिका करत आणला होता. तेवढ्यात बदलापूरहून करिष्मा आली. तिच्या द्रावणात गंधक विरघळेचना, ते पाण्यासारखं स्वच्छच राहायचं.

आता मोठा सेल बनणार होता. त्यात एकीचंच द्रावण जाणार.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" करिष्माने विचारलं.

"मला काय वाटायचंय? बिसलेरी भरलीय तू."

करिष्मा हसली. कौतुक समजून हसली, याचा यशोधराला जास्त राग आला.

मग तिने नाद धरला. स्वतःचे सेल सोडून करिष्माच्या सेलचे आलेख बघत बसायची. कुठेतरी खोट असणारच. एवढं स्वच्छ कुणाचं असतं का? एके दिवशी एसी जोरात होता, खोली गार पडली होती. करिष्माची रेघ घसरली. एसी बंद, रेघ वर. परत चालू, परत खाली.

"धर्मेशभाई! इकडे या जरा!" यशोधराचा आवाज नाचत होता. "थंडीत हिची बॅटरी झोपते."

धर्मेशभाईंनी चष्मा सावरला. "अरे साईं! ये तो सही पकडा."

करिष्माचा चेहरा उतरला. "गंधक अजिबात विरघळत नाही ना, म्हणून काम हळू होतं. गारठ्यात तर अजूनच."

"मग माझं जाऊ दे," यशोधरा म्हणाली.

"तुझा तो चहा?" धर्मेशभाई म्हणाले. "महिनाभर तरी टिकतो का?"

करिष्मा यशोधराकडे वळली. "ताई, तुमच्यातलं थोडं माझ्यात घालू या? नुसतं थोडं."

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण नाही म्हटलं असतं, तर मोठ्या सेलमध्ये तिचा थेंबही गेला नसता.

"थोडं म्हणजे किती? मोजायला मी बसणार."

हवाबंद पेटीला लावलेल्या रबरी हातमोज्यांत दोघींनी शेजारी शेजारी हात घातले. करिष्मा ओतायची, यशोधरा म्हणायची, "अजून." "ताई, बास!" "अजून, म्हटलं ना." पहिलं मिश्रण सेलमध्ये लाल झालं, दुसरंही. मग यशोधरा कुरकुरत कमी करत गेली, स्वतःलाच कापल्यासारखी.

शेवटचा सेल एसीतही नीट चालला. आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी लाल झाला नाही. फक्त हळदीचं बोट बुडवल्यासारखी पिवळी झाक.

"शाब्बास, करिष्मा!" धर्मेशभाई म्हणाले. "यही जाएगा बडे सेल में. बस, ये थोडा पीला क्यूँ है?"

करिष्मा बोलणार होती. यशोधरा मधे घुसली.

"तो पिवळा माझा आहे, धर्मेशभाई."