काचघरातली मिरची

चारुलता हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत मिरचीवर काम करायची. तिचे वडील, आबासाहेब, दिलसुखनगरला मसाल्याची कांडप गिरणी चालवायचे. बोकड्या रोगानं पानं आकसून गेलेली झाडं त्यांनी लहानपणी शेतात पाहिली होती. त्या रोगाला दाद न देणारी मिरची आपली लेक घडवतेय, याचं त्यांना फार अप्रूप.

"पण त्यात जिवाणू कशाला घालतीस?" ते विचारायचे.

"तो हमाल आहे, आबा. आपण दिलेलं जनुक झाडाच्या पेशीत नेऊन ठेवतो."

मिरची मात्र हट्टी. कोवळ्या रोपांच्या पानांचे तुकडे जिवाणूंच्या द्रावणात बुडवून बाटलीत वाढवायचे. बहुतेक पांढरे पडून मरत. जगलेल्यांना कोंब फुटत, पण ते उंच होत नसत. यातच तिची तिशी सरली. लग्नाचा विषय आधी आईनं, कुसुमताईंनी सोडला, मग तिनंही. अखेर थोडी रोपं तगली आणि काचघरात त्यांना मिरच्या धरल्या.

त्याच हिवाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. अन्नावरची वासना उडाली. एक दिवस म्हणाले, "तुझ्या मिरचीचा ठेचा खावा वाटतो, बेटा."

तपासणी न झालेल्या त्या झाडांचं बीसुद्धा बाहेर न्यायला मनाई होती. "एक मिरची ने गं, कोण बघतंय?" बरोबर काम करणारी स्नेहा म्हणाली. चारुलतानं हात पुढे केला, आणि मागे घेतला. घरी जाताना बाजारातून त्याच वाणाची साधी मिरची घेतली, लसूण घालून ठेचा केला.

आबांनी बोटानं चाखला. चेहरा उजळला. "तुझीच ना?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही आबा. बाजारातली आहे. तिथली आणता येत नाही."

"हौ, बरं केलंस," ते म्हणाले. ताट हलकेच सरकवून ते भिंतीकडे कुशीवर वळले. पुढं त्यांनी काहीच मागितलं नाही. आठवड्याभरात गेले.

वर्षभरानं प्रकल्पाचा निधी थांबला. नियमाप्रमाणे सगळी झाडं नष्ट करायची होती. चारुलतानं ती स्वतः उपटली, पिशव्यांत भरली, वाफेच्या यंत्रात घातली. स्नेहा रडली. चारुलता हात धुऊन घरी आली.

जेवताना कुसुमताईंनी विचारलं, "तेव्हा ह्यांच्यासाठी एक मिरची आणली असतीस, तर काय झालं असतं गं?"

"बहुतेक काहीच नाही, आई."

कुसुमताई उठल्या आणि आत जाऊन बसल्या.