शाळेचा चहा

आमच्या शाळेच्या फाटकावर निळ्या पत्र्याची एक पाटी होती. दहावीचा निकाल लागला की रंगारी येऊन तिच्यावरचं फक्त वर्ष बदलायचा. बाकी मजकूर तोच, शंभर टक्के निकाल. सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, मखमलाबादकडून भाजीच्या टेम्पोत पोरांना बसवून पाठवणारे, सगळे ती पाटी बघून आमच्या शाळेत पोरं घालायचे. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

हे शंभर टक्के कसे यायचे, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. नववीचा निकाल लागला की काही पालकांना शाळेतून बोलावणं जायचं. त्यांना प्रयोगशाळेत बसवायचे, कारण पंखा तिथेच होता, आणि शिपाई कपबशीतून चहा आणून द्यायचा. शाळेत पालकांना चहा मिळायचा तो एवढ्याच प्रसंगी. चहा संपेपर्यंत गोडीगुलाबीने सांगितलं जायचं की मूल जरा कच्चं आहे, इथल्या दहावीत त्याला झेपणार नाही, दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा, वर्ष वाया जाणार नाही. बाप मान डोलवायचा. सरांनी समोर बसवून चहा पाजल्यावर नाही कसं म्हणणार? मग एखादं पोर शाळेत दिसेनासं झालं आणि कुणी विचारलं, की उत्तर यायचं, "त्याच्या बापाला चहा झाला." पुढे कुणी काही विचारत नसे.

हे सांगण्याचं काम माझ्या वडिलांकडे होतं. ते गणित शिकवायचे आणि नववीचे वर्गशिक्षक होते. त्यांच्या बोलण्यात असं काही होतं, की माणूस पोराचा दाखला घ्यायचा आणि वर आभार मानून जायचा. ते वाईट नव्हते. त्यांनी कधी खासगी शिकवणी घेतली नाही, कुणाकडून दिवाळीला मिठाईचा पुडाही घेतला नाही. शाळेचं नाव राहिलं तर हजार पोरांचं भलं होतं, असं ते जेवताना सांगायचे, आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. लबाड माणूस असता तर घरच्यांपुरती तरी लबाडी केली असती.

माझा भाऊ माझ्याहून वर्षाने लहान. शाळा म्हणजे त्याचा जीव की प्राण. क्रीडास्पर्धांच्या आधी मैदानावर चुन्याच्या रेषा तोच आखायचा, आणि त्याच्या रेषा दोरी न लावताही सरळ यायच्या. गणित मात्र त्याच्या डोक्यात शिरत नसे. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी बाबांना चिडवायचं, "काय सर, दिव्याखाली अंधार?" बाबा तिथे हसायचे आणि घरी येऊन त्याला गणितं घालायचे. तिसऱ्या गणिताला त्यांचा आवाज चढायचा, आणि मग भावाला येत असलेलंही येईनासं व्हायचं.

नववीत तो गणितात थोडक्यात राहिला. मुख्याध्यापक स्वतः आमच्या घरी आले. "सर, तुमच्या मुलाचं सांभाळून घेऊ, एवढं मनावर घेऊ नका," असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, "आजवर ज्यांना सांगितलं त्यांना मी काय तोंड दाखवू?" मी आतल्या खोलीत ऐकत होते. मला वाटलं, दोन दिवसांत बोलणं मागे घेतील.

दोन दिवसांनी शिपाई दारात आला. "वहिनी, उद्या अकराला शाळेत या म्हणून निरोप आहे."

"कोणाचा?" आईने विचारलं. शिपाई बाबांकडे बघायला लागला. बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते, त्यांनी तो खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतली साडी नेसली आणि मला सोबत घेतलं. माझी दहावीची परीक्षा होऊन गेली होती, मी घरीच होते. प्रयोगशाळेत बाबा टेबलाच्या पलीकडे बसले होते. "या, बसा," ते म्हणाले. घरी आईला ते एकेरीत हाक मारायचे. तिथे तिला "पालक म्हणून तुम्हाला विनंती आहे," असं म्हणाले, आणि मग तेच सगळं, त्याच क्रमाने, त्याच गोड आवाजात. मूल कच्चं आहे, दाखला काढा, बाहेरून बसवा. शिपायाने चहा ठेवला आणि तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

आईने चहा संपवला. "बरं सर," ती म्हणाली, आणि पदर सावरून उठली. मी सतराव्या वर्षाला टेकले होते. ते टेबल उलथून टाकावं असं मला वाटलं. तो राग अजून गेलेला नाही.

भावाला घरी सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "संध्याकाळी मैदानावर खेळायला गेलो तर चालेल का?" बाबा म्हणाले, "बघू." तो गेलाच नाही.

पुढच्या वर्षी तो बाहेरून बसला आणि पास झाला. गणितातही. "मग काढलं कशाला?" मी बाबांना विचारलं. "बाहेर काढलं म्हणूनच धाक बसला," ते म्हणाले आणि पेढा खाल्ला. शाळेच्या पाटीवर वर्ष बदललं.

कॉलेजला भाऊ गेला नाही. आम्ही सगळ्यांनी समजावलं, पण बाहेरून बसलेल्याने कुठे कॉलेजात जायचं, असं त्याचं म्हणणं. मार्केट यार्डाजवळ ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात तो कामाला लागला आणि तिथेच राहिला. द्राक्षवाले बागाईतदार त्याच्यावर खूश असतात. पण कुणी शाळा विचारली, की इतकी वर्षं जिथे शिकला तिचं नाव तो घेत नाही. "तसा मी बाहेरूनच," म्हणतो. लग्नाकार्यातही मांडवाच्या कडेला उभा राहतो. त्याच्या बायकोला वाटतं तो लाजाळू आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही.

शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि त्यांना धरल्याशिवाय चालता येत नव्हतं. त्यांचा सत्कार होता. भावाने त्यांना रिक्षातून आणलं, हात धरून व्यासपीठावर चढवलं आणि परत आणून आमच्या रांगेत बसवलं. मग नव्या मुख्याध्यापकांनी भाषण केलं. शाळेच्या निकालासाठी ज्यांनी स्वतःच्या मुलालाही बाजूला ठेवलं असे हे सर, असं ते म्हणाले. मांडवभर टाळ्या वाजल्या. मी मांडीवरचे हात उचलले नाहीत. शेजारी भाऊ मात्र मनापासून टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर एकेका वर्षाच्या बॅचला फोटोसाठी वर बोलावलं. भावाची बॅच आली. केस विरळ झालेली, पोटं सुटलेली त्याच्या वर्गातली मुलं वरून ओरडायला लागली, "अरे ये ना, चढ वर." कुणाला काही आठवत नव्हतं, किंवा आठवत असूनही ती बोलावत होती. भाऊ बाबांचा हात धरून बसून राहिला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "जा," ते हळूच म्हणाले. "तूही जा." हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, ते माझं मला ठाऊक.

बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून भाऊ त्यांच्या कानाशी वाकला. "नको बाबा. ती सगळी शंभर टक्क्यांतली मुलं आहेत. त्यांच्यात मी कसा उभा राहू?"

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. एका लेकीचा बाप झालेला माझा भाऊ, आपण गेलो तर त्यांचा फोटो खराब होईल, असं खरंच समजत होता. बाबांनाही ते कळलं असावं. भर मांडवात, अंगावर शाल असताना, ते रडायला लागले. आणि भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनाच समजावत राहिला, की जाऊ द्या बाबा, साधा फोटो तर आहे.